नियम सतरावा: सभागृहात झोपू नये

तीर्थस्वरूप आत्यास,

तुझ्या चिमण्याचा नमस्कार. (वाकून केला आहे असं समज. टेबल आणि भिंत यांच्या मधल्या जागेत जेवढं वाकता येतं तेवढा वाकलो.) तुझे गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की उजवा ठीक आहे, पण डावा त्याच्याशी बोलत नाही. एव्हाना दोघांत समेट झाला असेल. काकांचा खोकला, मांजरीची पिल्लं, शिलाई मशीनचा तो मधेच अडून बसणारा पट्टा, सगळ्यांची खुशाली सविस्तर कळव. मी बरा आहे. ‘बरा’ लिहिताना पेन जरा अडलं, कारण गेले दीड-दोन महिने मी धड जागाही नाही आणि धड झोपलेलाही नाही. असं का झालं ते सांगायला हे पत्र. चहा करून घे आणि मग वाचायला बस, लांबणार आहे.

मी एकोणीस वर्षं नाट्यगृहाच्या मोठ्या सभागृहाच्या दारावर उभा आहे हे तू जाणतेसच. (तू ओळखीपाळखीच्यांना ‘भाचा नाटकात आहे’ असं सांगतेस, ते माझ्या कानावर आलं आहे. अगदीच खोटं नाही, म्हणून मी कुणाला दुरुस्त केलं नाही.) गेल्या हंगामात आमच्याकडे नव्या व्यवस्थापक बाई आल्या. याआधी त्या सार्वजनिक पोहण्याचा तलाव सांभाळत होत्या आणि तिथे बारा वर्षांत एकही माणूस बुडला नाही, याचा त्यांना रास्त अभिमान आहे. आल्या आल्या त्यांनी प्रेक्षकांसाठी एकतीस नियम काढले आणि माझ्यापेक्षा वीतभर उंच अशा फलकावर रंगवून दर्शनी भिंतीला लावले. छत्र्या बाहेर ठेवाव्यात, रुमाल टाकून खुर्ची अडवू नये, वादन पूर्ण झाल्याशिवाय टाळ्या वाजवू नयेत, हे सगळं ठीकच होतं. पण काही नियम तलावावरून तसेच चालत आले होते. नववा नियम होता, आत शिरण्यापूर्वी पाय धुवावेत. तो तिसऱ्या दिवशी खोडला गेला, तोवर दोन आज्ञाधारक आजोबा ओल्या पायांनी ‘ड’ रांगेपर्यंत पोचले होते. धावू नये, उडी मारू नये, एकमेकांना ढकलू नये, हे मात्र राहू दिले, कारण मध्यंतरात चहाच्या खिडकीशी ते तंतोतंत लागू पडतात.

सगळा घोळ सतराव्या नियमाने झाला. ‘कार्यक्रम चालू असताना सभागृहात झोपू नये. झोपलेल्या प्रेक्षकास कर्मचारी सौजन्याने जागे करतील.’ यातलं सौजन्य नेमकं किती आणि कुठे ठेवायचं, हे शिकवायला बाईंनी आम्हा तिघा दारवाल्यांना एका सकाळी रिकाम्या सभागृहात बोलावलं. डाव्या खांद्यावर दोन बोटं ठेवायची, खाली वाकायचं आणि हळू आवाजात म्हणायचं, ‘आपण नाट्यगृहात आहात.’ बस्स, एवढंच. हलवायचं नाही, ओरडायचं नाही, ‘अहो’ म्हणायचं नाही. झोपलेल्या प्रेक्षकाचं काम चहाच्या खिडकीवरच्या मावशींना दिलं होतं. त्या पहाटेपासून उभ्या असल्यामुळे खुर्चीत टेकताक्षणी खरोखरच झोपल्या आणि आम्ही तिघांनी आळीपाळीने नाट्यगृहात आहात म्हणूनही उठल्या नाहीत. बाईंनी वहीत ‘सराव समाधानकारक’ असं लिहिलं.

आता तुला बुधवारची दुपार सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. दर बुधवारी तीन वाजता आमच्याकडे वयस्क मंडळींसाठी मोफत वादन असतं. (वय कुणी विचारत नाही. ज्याला दुपारी तीन वाजता वेळ आहे तो वयस्क, असा आमचा हिशेब.) एक म्हातारे व्हायोलिनवादक येतात, जुना तपकिरी कोट घालतात, खुर्ची जराशी तिरकी ठेवतात आणि डोळे मिटून वाजवायला लागतात. दार बंद केलं की रस्त्यावरचा गलका एकदम कुणीतरी घडी घालून ठेवल्यासारखा नाहीसा होतो. वरून एकच पिवळा दिवा, त्याच्या झोतात तरंगणारी धूळ, खुर्च्यांच्या मखमलीला येणारा जुन्या कपाटासारखा वास, आणि ते सूर. ते सूर कुठे जायचं आहे हे माहीत असूनही मुद्दाम लांबच्या रस्त्याने निघाल्यासारखे येतात. दहा मिनिटांत पहिली मान कलते. मग रांगेरांगेने माना कलत जातात. मला दारापाशी उभं राहून कितीदा तरी वाटलं आहे की सभागृह किनारा सोडून हळूच निघालं आहे आणि आपण मागच्या टोकाला कठडा धरून उभे आहोत.

अशा सभागृहात मला दोन बोटं घेऊन फिरायचं होतं. निवृत्त पोस्टमन आहेत एक, त्यांना उठवलं तर डोळे न उघडता म्हणाले, ‘सही इथे करा.’ शाळेतल्या बाई म्हणाल्या, ‘हजर.’ (वर्षानुवर्षं हजेरी घेणाऱ्या बाईंनी स्वतः हजर म्हणावं, हे मला फार लागलं.) एका शिंप्याने माझ्या छातीचं माप घेतलं आणि पुन्हा झोपला. दोन बहिणी एकमेकींवर रेलून झोपतात, त्यातली एक उठवली की दुसरी पडते, म्हणून दोघींना एकदमच उठवावं लागतं आणि त्याला चार बोटं लागतात. मी ‘ठ’ रांगेपर्यंत पोचेतो ‘क’ रांग परत झोपी गेलेली असायची. तरी मी इमानाने फिरत होतो, कारण बाई वरच्या दिव्यांच्या खोलीत बसून खाली बघत असत आणि कुणी नजरेतून सुटलं की छोट्या बॅटरीचा झोत त्याच्यावर पाडत.

तिसऱ्या बुधवारी ती बॅटरी ‘झ’ रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर पडली. तिथे एक परिचारिका बसते. रात्रपाळी करून सकाळी घरी जाते, घरची कामं आटोपते आणि दुपारी पांढऱ्या बुटांतच इकडे येते. तिला मी वर्षभर बघत होतो. तिच्या झोपेत कसलीही गडबड नसते, हात मांडीवर, पाय जुळवलेले. मी दोन बोटं ठेवली आणि वाक्य म्हटलं. तिने डोळे उघडले, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि अजिबात न चिडता म्हणाली, ‘माझी आई बोलत होती. एवढं एक वाक्य पुरं व्हायला हवं होतं.’ मग पर्स उचलून निघून गेली. तिची आई जाऊन आठ वर्षं झाली आहेत, हे मला चहाच्या मावशींकडून कळलं. आत्या, मी आजवर प्रवेशिका विसरलेल्या माणसांना परत पाठवलं आहे, एकदा तर प्रमुख नटाला ओळखलं नाही म्हणून बाहेर ठेवलं होतं, पण कुणाचं बोलणं असं मधेच तोडलं नव्हतं. पुढचे दोन बुधवार ती आली नाही. घरी पाठ टेकली की मला वाटायचं, ते वाक्य कुठेतरी अर्धंच उभं आहे, आणि मग मीही कुशीवर कुशी बदलत राहायचो.

त्यानंतरच्या बुधवारी ती आली. दारातच फलकाकडे आणि माझ्याकडे एकदा पाहिलं, त्याच खुर्चीत बसली आणि पाचव्या मिनिटाला झोपली. वरून बॅटरी आली. मी तिच्या रांगेपर्यंत गेलो. बॅटरीने दोनदा उघडझाप केली, म्हणजे ‘उठवा’. मला काय झालं कोण जाणे, मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसलो आणि प्रकाश तिच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून टोपी आडवी धरली. एकोणीस वर्षांत मी त्या सभागृहात पहिल्यांदा बसलो, आत्या. त्या खुर्च्या इतक्या खोल आहेत याची मला कल्पना नव्हती. जिना उतरणाऱ्या बाईंच्या टाचांचा आवाज येत होता, तो मी मोजत होतो. सतराव्या पायरीपर्यंत आठवतं.

पुढचं मला दुसऱ्यांकडून कळलं आहे. बाई आल्या, माझ्या डाव्या खांद्यावर दोन बोटं ठेवली, मी नाट्यगृहात असल्याचं मला सांगितलं. मी म्हणालो म्हणे, ‘हो, माहीत आहे,’ आणि तसाच राहिलो. कर्मचारी झोपला तर कुठला नियम लागतो हे त्यांना आठवेना, म्हणून नियमांची पुस्तिका उघडून त्या पलीकडच्या खुर्चीत बसल्या. नवव्या पानापर्यंत पोचल्या असाव्यात. आता सभागृहात व्हायोलिनवादक सोडून जागं कुणी नव्हतं, आणि त्यांचे डोळे तर मिटलेले. टाळ्या वाजल्या की ते थांबतात. टाळ्या कुणी वाजवल्याच नाहीत, तेव्हा त्यांना वाटलं लोकांना अजून हवं आहे. चारला संपणारं वादन पावणेसहापर्यंत चाललं. संध्याकाळच्या नाटकाची नटमंडळी रंगभूषा करून विंगेत आली होती. राजाने मुकुट काढून काखेत धरला, दासीने तोंडावर बोट ठेवलं, आणि सगळे तिथेच जमिनीवर बसून ऐकत राहिले. बुधवारी दारावर मी एकटाच, त्यामुळे दरवाजा उघडायला कोणी नाही म्हणून बाहेरचे प्रेक्षक पायऱ्यांवर टेकले. दाराच्या फटीतून सूर बाहेर येत होते. तिथेही सात-आठ जण झोपले, असं चहाच्या मावशी सांगतात.

पहिल्यांदा परिचारिका उठली, आपणहून. मग माझ्या खांद्यावर दोन बोटं आली. मी डोळे उघडले तेव्हा ती वाकली होती आणि तिने ते वाक्य अगदी नियमाप्रमाणे म्हटलं. मी अर्धवट झोपेतच विचारलं, ‘झालं का पुरं?’

‘झालं,’ ती म्हणाली.

‘काय म्हणाल्या?’

‘म्हणाली, जरा सरक, मलापण बसू दे. आठ वर्षं ते वाक्य अर्धंच राहायचं, मला वाटत होतं काहीतरी मोठं असेल.’

मग ती हसली, आणि हसता हसता रुमाल शोधायला लागली, आणि मी माझी टोपीच पुढे केली, कारण हातात तेवढंच होतं.

पुढे जे व्हायचं ते झालं. नाटक पंचवीस मिनिटं उशिरा सुरू झालं. बाईंच्या गालावर मखमलीची नक्षी उमटली होती, ती दुसऱ्या अंकापर्यंत गेली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला लेखी खुलासा मागितला. त्याच पत्राची एक प्रत स्वतःच्या नावेही काढली, स्वतःच्या हाताने स्वीकारली आणि पोच म्हणून सही केली. (माणूस सरळ आहे.) आम्ही दोघांनी आपापले खुलासे शेजारी शेजारी बसून लिहिले. विश्वस्तांपुढे बाई उभ्या राहिल्या तेव्हा मी दारातच होतो, मला वाटलं आता माझा दारवाल्याचा कोट काढून घेतील. पण बाई एवढंच म्हणाल्या, की तलावावर त्यांचं काम माणसं तळाला जाऊ नयेत हे होतं, इथे माणसं तळाला जाऊन आपली आपण वर येतात, हे त्यांनी स्वतः तपासलं आहे. व्हायोलिनवादकांनी कळवलं की त्यांना काही हरकत नाही, घरी ते वाजवतात तेव्हा त्यांची बायकोही झोपते आणि तीच त्यांची सगळ्यात जुनी श्रोती आहे. तेव्हा आता सतरावा नियम बुधवारपुरता शिथिल आहे. शेवटच्या सहा रांगांत झोपता येतं. घोरू नये, बूट काढू नयेत आणि डोकं ठेवायचं झाल्यास ओळखीच्याच खांद्यावर ठेवावं. माझी नोकरी शाबूत आहे. परिचारिकेशी त्यानंतर माझं विशेष बोलणं झालेलं नाही. काळजी करू नकोस. काकांना नमस्कार, पिल्लांना लाड.

तुझा,
चिमणा (वय वर्षं सत्तेचाळीस)

ता. क. – विशेष बोलणं झालेलं नाही असं वर लिहिलं, त्यात एवढंच की दर बुधवारी वादन संपल्यावर आम्ही चहा घेतो. ती कमी साखरेचा घेते. मीही आता तसाच घेतो.

ता. क. २ – काकांनी जेवणाच्या टेबलाची चौथी खुर्ची दुरुस्त केली का? केली नसेल तर करायला सांग. एखाद्या रविवारी मी येईन म्हणतो, आणि एकटा नाही.

ता. क. ३ – हे मी तिला अजून विचारलेलं नाही. चार वेळा विचारायला गेलो आणि चारही वेळा ‘साखर बरोबर आहे ना?’ असं विचारून परत आलो. म्हणून तू एक कर. तुझ्या त्या मोठ्या गोल अक्षरात, दोघांनी जेवायला यावं, असं एक पत्र मला पाठव. मी ते तिच्यासमोर नुसतं ठेवीन, म्हणजे मला तोंड उघडावं लागणार नाही. मात्र उत्तर उलट टपाली हवं. एक तारखेपासून तिची दिवसपाळी लागते, मग बुधवारी दुपारी तिला सुट्टी नाही, आणि त्याआधी आता एकच बुधवार उरला आहे.