चार वॅट

वाल्डॉर्फ, जर्मनी, मंगळवार संध्याकाळ

आज तानपुरा अगदी स्वच्छ वाजला. महिनाभर रियाजाला बसले की माझ्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यातून खालच्या मजल्यावरच्या हेर, म्हणजे श्रीयुत, क्राउजेंचा आवाज यायचा, "हॅलो, कुणी ऐकतंय का?" सीबी रेडिओला, म्हणजे हौशी लोकांच्या एकमेकांशी बोलायच्या रेडिओला, कायद्याने चारच वॅट, आणि हे कितीतरी जास्त ताकद लावून बोलायचे. वैतागून मीच रेडिओ खात्याकडे तक्रार केली. तर मग, माझं काय चुकलं?

काल ते जिन्यात भेटले. म्हणाले, "ॲम्प्लिफायर काढावा लागला. चार वॅटमध्ये आल्प्सपलीकडच्या मित्रापर्यंत पोचत नाही मी. तुमचं गाणं मात्र खाली छान पोचतं हं."

मी नुसतं जर्मनमध्ये "या, या", म्हणजे "हो, हो", केलं.

आज सा लागेना. चार वॅट! महिनाभर बिचारे विचारत होते, कुणी ऐकतंय का.

मी ऐकत होते की. रोज.