नऊ सेकंदांची भाकरी

गॉलवे (आयर्लंड), रविवार

तीर्थरूप लीलाताईस,

धाकट्या मुरलीधराचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा, पद्माकर भावोजींची साखर आणि परसातला फणस, तिघेही आपापल्या मर्यादेत असतील अशी आशा करतो. आम्ही खुशाल. इथे पाऊस आहे (हे लिहायची तशी गरज नव्हती).

गेल्या तीन आठवड्यांत मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू अशा: सिकॅमोरच्या लाकडाची एक काथवट, साडेसोळा इंच व्यासाची, मधोमध सव्वा इंच खोल, तीन मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचा एक तवा (पत्रा कारखान्याच्या भंगारातला, सुपरवायझरच्या लेखी परवानगीने, चिठ्ठी जपून ठेवली आहे), मोबाइल वरून अधांतरी धरणारी एक लाकडी कमान, आणि नाचणीच्या एकोणीस भाकऱ्या. पहिल्या तीन वस्तू मापाला अर्ध्या मिलिमीटरनेही चुकलेल्या नाहीत. भाकऱ्यांपैकी एकही अखंड नाही.

आता तू हसशील, तर हसून घे आणि मग पुढे वाच. झालं असं, की आमच्या सुरुचीला लायब्ररीत एका फ्रेंच गृहस्थांचं भाषण ऐकायचं होतं. लुसियाँ मोर्व्हाँ त्यांचं नाव. सव्वीस वर्षं त्यांनी कॉमिक्स काढली, एका उदास पोस्टमनची चौदा पुस्तकं. मग वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, कुठल्याही शाळेत न जाता, कार्टूनचे सिनेमे करायला लागले. पहिला सिनेमा पॅरिसमध्ये लागला तेव्हा थिएटरात अकरा माणसं होती, त्यांतली चार घरची. (हे त्यांनी स्वतःच सांगितलं. मला माणूस तिथेच आवडला.) आताचा दुसरा सिनेमा ते इथल्या स्टुडिओत करत आहेत: शंभर वर्षांपूर्वी दाभोळचा एक खलाशी जहाज चुकून गॉलवेत अडकतो, त्याची गोष्ट. पडद्यावर त्यातलं एक चित्र दाखवलं. खलाशी पोळपाटावर भाकरी लाटतोय. लाटण्याने!

मी उभा राहिलो. टूलरूमचं काम मी कुठल्या कॉलेजात शिकलेलो नाही. चूक दिसली की उभं राहायचं, याच पद्धतीने शिकलो. भरल्या हॉलमध्ये सांगितलं, भाकरी लाटत नाहीत, थापतात. लुसियाँनी चष्मा काढला आणि विचारलं, "दाखवाल मला?" मी म्हणालो, "अर्थात." शेजारून सुरुची पुटपुटली, "डॅड, यू कान्ट ईव्हन मेक टोस्ट."

घरी विभावरीकडे आशेने पाहिलं. पण ती पडली पुण्याची, पोळीवाली. म्हणाली, "भाकरीसाठी चुकीची बायको केलीत. आता भोगा." म्हणून मी आधी अवजारं केली (अवजार बरोबर असलं की काम होतंच, असं माझं मत होतं; ते मी मागे घेतो). गरम पाण्यात पीठ मळलं, थापलं, उचललं, की कडेपासून मध्यापर्यंत खाडीसारखी भेग. धुराचा अलार्म चार वेळा वाजला. शेजारच्या ब्रीडाबाई चौकशीला आल्या, त्यांना अठराव्या भाकरीचा मोठा तुकडा लोणी लावून दिला. "ग्रँड," म्हणाल्या आणि तो कोटाच्या खिशात घालून गेल्या. इथे ग्रँड म्हणजे उत्तमही असतं आणि राहू दे हो असंही असतं.

ठरल्या दिवशी स्टुडिओत गेलो. काथवट मांडली, तवा तापवला, कमानीला मोबाइल लावला, पीठही मळलं. शेवटी सांगून टाकलं, की मला भाकरी कशी करतात ते पूर्ण ठाऊक आहे, फक्त करता येत नाही. लुसियाँ उठून कपाटाकडे गेले. मग त्यांनी पोस्टमनचं एक पुस्तक काढून माझ्यापुढे धरलं. "याचे हात शोधा." ताई, मी पानन् पान पाहिलं. हात सगळीकडे खिशात! लोकांना वाटायचं, काय उदास ऐट आहे. खरं म्हणजे लुसियाँना हातच काढता येत नव्हते. म्हणाले, "कॉमिक्समध्ये दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत सगळं लपतं. पत्र कसं दिलं ते वाचक समजून घेतो. सिनेमात ती पट्टी नाही. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मला हात खिशातून बाहेर काढावे लागले."

मग मी एकोणिसावी थापली. मोडली. ते ओरडले, "बरोबर! अगदी बरोबर! या खलाशी पोरालाही कुठे येत होती? घरी आई करायची!" आणि ताई, माझी मोडकी भाकरी आता सिनेमात आहे. एका सेकंदाला बारा चित्रं या हिशेबाने सहा सेकंदांची बहात्तर, त्यांतली पहिली दहा मी पाहिली. अंगठ्याजवळचा माझा जुना व्रणसुद्धा आहे. लहानपणी तू म्हणायचीस, मुरल्याच्या हाताला वळण नाही. मान्य. पण ते नसलेलं वळण आता एक नावाजलेला फ्रेंच माणूस तंतोतंत काढतो आहे.

भावोजींना नमस्कार, वैदेहीला मामाचा आशीर्वाद. गुडघ्याला शेक घे.

तुझा,
मुरली

ता. क. १: खरं काम इथे आहे. सिनेमाच्या शेवटी त्या खलाशाला आईचे हात आठवतात. एक अखंड भाकरी, नऊ सेकंद, एकशे आठ चित्रं. पुढच्या शुक्रवारपर्यंत तू भाकरी करतानाचा व्हिडिओ पाठव. कमानीचं माप सोबत काढून दिलं आहे, गावातला सुतार करील. भावोजींना मोबाइल धरायला देऊ नकोस, ते मधे बोलतात. बांगड्या काढू नकोस. ठेवणीतली साडी नेसू नकोस.

ता. क. २: तू म्हणशील, या वयात माझे हात कसले काढता. ताई, आईचा आपल्याकडे एकच फोटो आहे आणि त्यातही तिने हात पदराखाली घेतले आहेत. सुरुचीने ते कधी पाहिलेच नाहीत. तुझे हात तिचेच आहेत, हे तुला काकूपासून कासारापर्यंत सगळ्यांनी सांगितलं आहे.

ता. क. ३: स्टुडिओच्या मॅनेजरबाई म्हणाल्या, इतकं कशाला, इंटरनेटवर भाकरीचे व्हिडिओ हवे तेवढे आहेत, त्यातला एक निवडून "हा अचूक आहे" अशी सही तुम्ही द्या, आम्ही तुम्हाला सल्लागाराची फी देतो. एक व्हिडिओ मी तीनदा पाहिला. भाकरी गोल होती, फुगलीही छान. हात आईचे नव्हते. सही दिली नाही. दोन हजार युरो.