वस्तादांचं ताट

१२ जानेवारी १९७६
काल तालमीत पोरांना डाव सांगता सांगता मामंजी छाती धरून खाली बसले. अंग घामानं चिंब. ह्यांनी आणि पैलवानांनी उचलून जीपमध्ये घातलं, सांगली गाठली. हार्ट. जीव वाचला. आज शाळेत गेले, पण काय शिकवलं आठवत नाही.

२३ जाने.
डॉ.नी रक्ताचा रिपोर्ट समजावला. कोलेस्टेरॉल फार वाढलंय. चरबीसारखाच पदार्थ, वर्षानुवर्षं नसांच्या आत थर धरतो, वाट अरुंद करतो. दुखत नाही, म्हणून कळतही नाही. तूप, लोणी, अंडी, मटण आवरायचं. तंबाखू बंद. जोर-बैठका नकोत, पण चालायचं, बेताबेतानं वाढवत.
मामंजींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "डॉक्टर, तूप सोडल्यावर लोक वस्ताद म्हनतील का मला?"
डॉ. हसले नाहीत. "जगलात तर म्हणतील."

६ फेब्रु.
मामंजी घरी. खरी कसोटी आत्याबाईंची. "लगीन झाल्यापासनं ह्यांच्या भातावर तुपाची धार धरली. आता कोरडा भात कसा वाढू?" रडल्याच.
मामंजी म्हणाले, "अगं, मी जगावं म्हनूनच वाढत हुतीस न्हवं? आताबी त्येच्यासाठीच वाढ की."
फोडणीला करडईचं तेल, तेही मोजकं. ताकावरचं लोणी काढून. पालेभाजी, मटकी, भाकरी.

२ मार्च
तंबाखू सुटली. आधी फार चिडचिड, ताट सरकवून उठायचे. मग स्वतःच परत येऊन बसायचे. कुणावर हात नाही, शिवी नाही. एवढा दांडगा माणूस स्वतःशीच झुंजताना पाहिला.
रोज कॅनॉलच्या कडेनं चालतात. कुणीतरी विचारलं, "वस्ताद, म्हैस हरवली का काय?" "न्हाई रं, डॉक्टरनं सांगितलंय," एवढंच. ह्यांना लाज वाटते. मला नाही.

१८ एप्रिल
जत्रा. कुस्त्यांनंतर मटणाचं पहिलं ताट वस्तादांना, ही जुनी रीत. ताट आलं. मामंजींनी नमस्कार केला आणि शेजारच्या पैलवानापुढं सरकवलं. कुजबुज. एक जण मोठ्यानं म्हणाला, "वाघ गवत खाया लागला!"
मामंजी उठून उभे राहिले. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण आवाज शांत. "पोरांनो, घाम गाळताय तवर खावा. मी आखाड्यातनं कवाच उतरलो, पर ताट पैलवानाचंच ठिवलं. तितंच चुकलं."
कुणी हसलं नाही मग. बायकांच्या बाजूला उभी होते, डोळे पुसले.

५ मे
पुन्हा रक्त तपासलं. उतरलंय, पण डॉ. म्हणतात अजून उतरायला हवं, आणि एकदा दुखावलेलं हृदय जपावंच लागणार. त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला? मामंजींचे सख्खे थोरले भाऊ उसाच्या बांधावर बसल्या जागी गेले होते. डॉ. म्हणाले, काही घराण्यांत हे रक्तातूनच येतं, मुलाचंही तपासा.
हे लगेच बाहेर निघून गेले.

९ मे
ह्यांचं एकच. "मला काय झालंय? धडधाकट हाय मी." मी बोलले, ऐकत नाहीत. आत्याबाई बोलल्या, ऐकत नाहीत.
जेवताना मामंजी एकच वाक्य बोलले. "माज्या थोरल्या भावालाबी कायच झालं नव्हतं."
हे हातातला घास ताटात ठेवून म्हणाले, "परवा जाऊ सांगलीला."

११ मे
बापलेक सकाळच्या एस.टी.नं सांगलीला. रक्त दिलं. आल्यावर हे पाणी पिऊन नुसतेच पडून राहिले. घाबरलेत. पहिल्यांदाच बघतेय.

१४ मे
आज रिपोर्ट. हे एकटेच गेलेत, मामंजींना नको म्हणाले. तरी मामंजी दुपारपासून फाट्यावर जाऊन बसलेत. एक गाडी आली, त्यात हे नव्हते. पुढची यायचीय.
आत्याबाई भाकऱ्या थापतायत. मघाशी मला म्हणाल्या, "रिपोट कसाबी येऊ दे, आजपास्नं दोघांचं ताट येकसारखंच वाढायचं."