मोनाला विचारलं

धैर्यशीलदादा,

तू सुचवलेल्या पुण्याच्या वसतिगृहात मोनाला धाडणार न्हाय, हे कळवायला बसलेय. माझी पोरगी अठरा वर्षांची झाली, पण तिला बोलता येत न्हाय. तिच्या मनातलं माझ्याबिगर कुणाला कळणार?

शाहूपुरीतल्या स्पीच थेरपीच्या अनुजा मॅडम मात्र लई भारी हाईत. पलीकडून मोनाची नजर दिसावी म्हणून त्यांनी चित्रांचा एक आरपार दिसणारा फळा केला. मोना ज्या चित्राकडं बघंल, तो तिचा शब्द. मी पाणी, भूक, शू, व्हय, न्हाय एवढंच सुचवलं. मॅडमनी मोनालाच विचारून "गप की!" पण घातलं. मॅडम प्रश्न विचारतात आणि चहा गार होईस्तोवर वाट बघत बसतात. मधेच मी उत्तर दिलं, तर मोनाची नजर थेट "गप की!"वर. मॅडम खूश!

इथवर लिहिलं आणि वाटलं, मॅडम असत्या तर आधी मोनाला विचारलं असतं. मग मीच फळा धरला. "पुण्याला जाणार?"

उत्तर माझ्या ओठावर होतं. पण गप बसले. तिची नजर हळूहळू "व्हय"वर गेली आणि तिथंच थांबली.

हे पत्र धाडत न्हाय, दादा. पुढचं मोना सांगंल, मी लिहीन.

तुझी,
रत्ना