रायपूरला जायची सुट्टी

ब्राह्मणपारा, रायपूर

आदरणीय पेडणेकर भाऊजी,
सादर नमस्कार.

जहाजाचं नाव छापलेली टोपी आणि मेळाव्यातला तुम्हा सगळ्यांचा फोटो पोचला. पाकिटावर दीडशेचं तिकीट दिसलं. एवढा खर्च कशाला केलात? फोटोत यांच्यासाठी मधली खुर्ची रिकामी ठेवलीत, ते पाहून मी देवापुढे बसून रडले.

फोनवर मी सांगितलं, गुडघे दुखतात म्हणून आले नाहीत. तसं नाही भाऊजी. यांना आता नौदलातलं सगळं आठवतं, घर आठवत नाही. टोपी घालून दिवसभर दाराशी उभे राहतात आणि मला नौदलाच्या इस्पितळातली नर्स समजून विचारतात, "सिस्टर, चीफ साहेबांनी सुट्टी दिली काय? बायको रायपूरले वाट पाहून राहिली."

म्हटलं, "अहो, मीच तुमची प्रेमला. हे रायपूरच आहे."

हसले. "मस्करी काहून करता बाई? आमची प्रेमला वीस वर्षांची पोट्टी आहे. लय गोड हसते."

हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं.

दार उघडं असलं तरी हुकमाशिवाय पाऊल टाकत नाहीत. डॉक्टरांचं ऐकत नाहीत, माझं तर नाहीच. यांचे चीफ तुम्ही होता.

सोबत्यांना आपलं दुखणं कळवू नये, असं हे म्हणायचे. म्हणून आधीची दोन पत्रं देव्हाऱ्यातच राहिली. हेही बहुतेक तिथंच राहील. पण पोचलंच, तर उलट टपाली तुमच्या सहीने एवढंच लिहा: लांजेवार, सुट्टी मंजूर, घरी जा.

तुमची वहिनी,
प्रेमला