लाकडाची वखार

भडगाव,
दि. ६ जानेवारी २०२५

चि. मोहिनी हिस,

आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. मी जिवंत आहे. गुडघे गेले, कान गेले, तोंड तेवढं शाबूत आहे. फोनवर तू काय बोलतेस ते मला समजत नाही आणि मी काय ओरडते ते बठ्ठ्या गल्लीला समजतं, म्हणून पत्रच बरं.

काल तुझ्या भावानं, तेजसनं, मोबाइलवर तुझ्या संग्रहालयातला फोटो दाखवला. काचेची पेटी, आत लाल मखमल, मखमलीवर माझ्या बापाचा पितळी बिल्ला. खाली पाटी. ती मी तेजसकडून तीनदा वाचून घेतली. ‘सुरतेच्या इंग्रजांच्या वखारीतील हमालाचा बिल्ला, अठरावे शतक.’

अगं, माझा बाप तोताराम माझ्या लग्नात पंगतीला बुंदी वाढत होता. त्याला एकसष्ट वर्षं झाली. त्या माणसाला तू अठराव्या शतकात नेऊन बसवलंस? दिवाळीला तू बिल्ला मागितलास, मला वाटलं पोरीला पणजोबाची आठवण हवी. चिंचेनं घासून दिला. इतकी वर्षं घासतेय म्हणून अक्षरं गेली, नुसता आकडा उरला. जुनेपणानं नाही गेली, चिंचेनं गेली.

आणि ती वखार लाकडाची होती. डांगच्या जंगलातला साग सुरतेला यायचा, तो माझा बाप खांद्यावरून वाहायचा. इंग्रज त्याच्या आसपासही नव्हता.

तू तिथं काय सांगून ठेवलंस ते नीट कळव. आडवळणाचं लिहू नकोस, मला चष्मा लावून वाचावं लागतं.

कळावे. लोभ आहे, तो कमी होईल असं वागू नये.

तुझी आजी,
बेबाबाई


सुरत,
दि. ११ जानेवारी २०२५

ती. आजीस,

मोहिनीचा शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचलं. दोन दिवस नुसती खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारतेय.

लोकांना संग्रहालय फिरवून माहिती सांगायची माझी नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर आहे, तुला ठाऊकच आहे. मुलाखतीत तिथल्या मुख्य प्रमिलाबेननी प्रत्येकाला विचारलं होतं, की तुमच्या घराचा या बंदराशी काय संबंध. एकाचे पूर्वज जहाज हाकणारे. एकीच्या घरी चीनहून आलेली भरतकामाची साडी. माझी पाळी आली. इथं खानदेशी म्हटलं की साड्यांच्या घड्या घालणारी आणि मागावर राबणारी माणसं, एवढंच लोकांना माहीत. मी पटकन सांगून टाकलं, की आमचे पूर्वज इंग्रजांच्या वखारीत होते.

आजी, हे मी मनानं रचलं नाही. आत्याच्या लग्नात, काकाच्या सोयरिकीत, प्रत्येक वेळी तूच हे सांगितलंयस. वखार लाकडाची हे तू आज पहिल्यांदा लिहितेस. नंतर मी पुस्तकं वाचली तेव्हा कळलं, की ती वखार पणजोबांच्या कितीतरी आधीची. तारखा बसेनात. मग मी बिल्ला चार पिढ्या मागे ढकलला. तेवढं मात्र माझं.

इथं म्हणतात, चौऱ्याऐंशी बंदरांचे झेंडे या शहरात फडकत. मोठी जहाजं समुद्रकाठी सुवाळीला थांबायची, माल होड्यांतून तापीनं वर यायचा. आपल्याकडचा कापूस बैलांच्या पाठीवरून इथवर यायचा. मग नदी गाळानं भरली, मुंबई मोठी झाली, बंदर बसलं. हे सगळं मी लोकांना छान सांगते, आजी. फक्त सराव करताना त्या पेटीपाशी आले की ती वगळून पुढे जाते.

सव्वीस तारखेला बंदराच्या नव्या दालनाचं उद्घाटन. मला त्याच पेटीशेजारी उभं करणार आहेत. पाटी तीन भाषांत छापून झाली. आता बोलले तर नोकरी जाईल, आणि खानदेशी खोटारडे हेही ऐकावं लागेल. गप्प बसले तर कोणाला कळणार आहे? तूच सांग.

लोभ असू दे, रागासकट.

तुझी,
मोहिनी


भडगाव,
दि. १६ जानेवारी २०२५

चि. मोहिनी हिस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र वाचलं. जेवले नाही. जेवले नाही म्हणजे तुझी काळजी वाटली असं नाही, भाकरी करपली.

तू माझ्यावर बोट ठेवलंस. ठेव. बोट बरोबर जागी पडलंय.

मला बघायला आले तेव्हा मी सतरा वर्षांची. माहेर साक्रीकडचं, घरात खायला होतं, दाखवायला काही नव्हतं. तुझ्या आजोबांच्या आईनं विचारलं, की मुलीचे वडील आधी काय करायचे. माझी मावशी म्हणाली, सुरतेला वखारीत होते. त्या बाईनं तोंडाला पदर लावला आणि शेजारणीला म्हणाली, की म्हणजे लाकूडफोड्याची पोर. दोघी हसल्या. मी चौथी पास. चौथीच्या इतिहासात सुरत होती, सुरतेत इंग्रजांची वखार होती. मला तेवढाच इतिहास येत होता, तो मी तिथं वापरला. म्हटलं, लाकडाची नव्हे, इंग्रजांची वखार. हसणं थांबलं. लग्न ठरलं.

माझा बाप ओट्यावर बसलेला होता. त्यानं ऐकलं. काही बोलला नाही. पण तोवर तो सुरतेच्या गोष्टी रोज सांगायचा, त्या दिवसापासून एकही सांगितली नाही. मेला तोवर नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुला सांगतेय ते रडायला नव्हे, कामाला यावं म्हणून.

त्याच्या गोष्टींतली एक मला पक्की आठवते. त्या वखारीत मोडीत काढलेल्या गलबतांच्या फळ्याही विकायला यायच्या. फळ्यांना शिंपले चिकटलेले असायचे आणि हे लोक ते तासणीनं खरवडून काढायचे. लोक त्या फळ्यांची दारं करायचे, पाळणे करायचे. बाप म्हणायचा, बंदर मेलं त्याची लाकडं मी वाहिली. तुझ्या पुस्तकात हे आहे का? नसेल. पुस्तकं लिहिणाऱ्यांचे खांदे कधी सोलले नाहीत.

गाळाचं तू लिहिलंस त्यावर मला हसू आलं. आमची गिरणा तापीलाच मिळते ना? मग त्या गाळात आमच्या वावरातली माती असणारच. तुझ्या प्रमिलाबेनना सांग, खानदेशचा बंदराशी संबंध काय विचारता, आम्हीच ते बुजवलं.

आता ऐक. सव्वीसच्या आत त्या बाईंना खरं सांग. कोणाला कळणार, हे विचारू नकोस. मीही तसंच म्हटलं होतं आणि ज्याला कळलं तो माझ्याच ओट्यावर बसला होता. सोबत माझ्या हातचा कागद जोडला आहे. त्यात वखार लाकडाची होती आणि इंग्रज मी घातला, असं लिहून सही केली आहे. तुझ्या चार पिढ्यांचं मी लिहिलेलं नाही. ते तू तुझ्या तोंडानं सांग.

कळावे. लोभ ठेव. नाही ठेवलास तरी कागद दाखव.

तुझी आजी,
बेबाबाई


सुरत,
दि. २८ जानेवारी २०२५

ती. आजीस,

मोहिनीचा शि. सा. न. वि. वि. बावीस तारखेला सांगितलं. आधी माझं, मग तुझा कागद. प्रमिलाबेन ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी पाटी काढली, पेटीला कुलूप लावलं आणि उद्घाटनाच्या यादीतून माझं नाव खोडलं. म्हणाल्या, की चूक कोणाचीही होते, पण तू तारीख जाणूनबुजून सरकवलीस. ते खरंच आहे. सव्वीसला मी मागच्या दारात पाहुण्यांच्या चपला सांभाळल्या. महिनाअखेर नोकरी संपते.

पण आजी, काल त्यांनी पुन्हा बोलावलं. तुझ्या पत्रातली गलबताच्या फळ्यांची गोष्ट त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. म्हणाल्या, बिल्ला खऱ्या नावानं ठेवायला त्या तयार आहेत, लाकडाच्या वखारीतला हमाल म्हणून. त्यासाठी घरच्यांची लेखी संमती लागते, आणि मजकूर तूच द्यावास असं त्या म्हणतात. सक्ती नाही.

मी होकार दिलेला नाही. तुझ्या सासरचे निम्मे लोक इथं उधन्यात राहतात. सुट्टीच्या दिवशी पोरं घेऊन संग्रहालयात येतात. तुझ्या सासूबाईंचे नातू पाटी वाचणार आणि गावभर करणार. तुला चालणार नसेल तर मी बिल्ला परत घेऊन येते.

मी दुसरं काम शोधतेय. घर सोडून आले तशी इथूनही निघून जावं, असं रोज वाटतं.

लोभ आहे ना अजून?

तुझी,
मोहिनी


भडगाव,
दि. ३ फेब्रुवारी २०२५

चि. मोहिनी हिस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. चपला सांभाळल्यास ते वाचलं. हात झिजले नसतील. निघून यायचं काढू नकोस. नोकरी खोट्यानं गेली, शहर काही खोटं नाही. दुसरीकडे विचार, आणि विचारतील तेव्हा पणजोबा हमाल होता हे आधी सांग, म्हणजे पुढं काही लपवायला उरत नाही.

सासरचे वाचतील म्हणतेस. चार दिवस मला तेच टोचत होतं, खोटं कशाला बोलू. कागद घ्यायची, ठेवून द्यायची. भाजीत दोनदा मीठ पडलं. तेजस म्हणाला, नुसतं हमाल लिही, तुझं नाव कशाला. तेवढ्यानं भागलं असतं. पण मग बापानं गोष्टी का थांबवल्या ते कुठंच राहिलं नसतं. माझ्यामागं ते सांगणारं कोणी नाही.

संमतीच्या कागदावर सही केली आहे. मजकूर खाली देते. एक शब्द बदलायचा नाही, आणि गुजराती करताना गोड करायचा नाही.

‘हा बिल्ला तोतारामचा. गाव साक्रीकडचं. सुरतेच्या लाकडाच्या वखारीत तो हमाल होता. मोडलेल्या गलबतांच्या फळ्या त्यानं वाहिल्या. त्याची मुलगी बेबाबाई एकसष्ट वर्षं वखार इंग्रजांची सांगत आली. बाप ते ऐकून गप्प बसला. मुलगी आता बोलते आहे.’

कळावे. लोभ असावा, हे या वेळी मीच तुला म्हणते.

तुझी आजी,
बेबाबाई