पैलवानांच्या पायांवरचं बिटकॉइन

६ एप्रिल
आजपासून रोजनिशी. नाव झाल्यावर लोक सुरुवातीचं विचारतात.
बिटकॉइन काढायचं मशीन हॉलमध्ये चालू केलं. आवाज गिरणीएवढा, पण कानाला सवय होते. ललिताच्या कानाला झाली नाही. शिवाय टेबलफॅनचा प्लग काढावा लागला. दूरदृष्टी सगळ्यांच्याच बायकांना नसते.

७ एप्रिल
मेहुणा प्रसेनजीत जेवायला. कॉलेजात पर्यावरण शिकवतो. म्हणे, बिटकॉइनपायी अख्ख्या देशाला पुरेल एवढी वीज जळते, आणि आपली वीज कोळशाची. मी म्हणालो, सोनं काय उदबत्तीवर निघतं? गप्प झाला. तोंडात पांढरा रस्सा होता, पण गप्प तो गप्पच.
ललितानं निकाल दिला: रविवारपत्तोर कोळशाबिगर चालवून दाखवा, न्हाय तर मशीन भंगारात.

८ एप्रिल, पहाटे
सुचलं. कोल्हापुरात कोळसा नाही, पण पैलवान आहेत. तालमीतला गुंडू रिकामाच असतो. सायकलला डायनामो, सायकलवर गुंडू. जगातलं पहिलं हिरवं बिटकॉइन. सत्काराचं भाषण लिहून ठेवलं.

८ एप्रिल, संध्याकाळ
मशीन चालू झालं नाही, पण दिवा लुकलुकला. शास्त्रात याला यश म्हणतात. गुंडू म्हणाला, अतुलदादा, खुराक लागतोय की. रास्त आहे. दूध कट्ट्यावर नेलं. समोर धार काढलेलं दूध तो म्हैस आटेपर्यंत प्याला.

१० एप्रिल
एकटा गुंडू पुरत नाही. आणखी पाच पैलवान घेतले, पाच सायकली मागून आणल्या. एवढ्यांना कट्ट्यावर नेणं परवडेना, म्हणून म्हैसच आणली. अंगणात बांधली. ललिता काही बोलली नाही. संमती समजतो.
म्हशीला ऊन सोसत नाही. तिला टेबलफॅन लावला. विजेवर, पण ती वीज म्हशीच्या खात्यात, बिटकॉइनच्या नाही.

१२ एप्रिल, रविवार
प्रात्यक्षिक. अख्खी गल्ली जमली. सहा जणांनी पेडल मारलं आणि मशीन खरंच सुरू झालं. मी सत्काराचं भाषण खिशातून काढलं. मग म्हशीच्या धारेची वेळ झाली. सहाही जण उठले ते परत आलेच नाहीत.
प्रसेनजीत म्हणाला, दाजी, म्हशीच्या ढेकरानंसुद्धा हवा तापते, त्यापेक्षा कोळसा बरा हाय की. मी म्हणालो, ढेकर नैसर्गिक असतो. म्हशीनं तेव्हाच दिला. गल्ली हसली. तरी मी जिंकत आलो होतो.

१५ एप्रिल
मशीन भंगारात गेलं. म्हैस ललितानं ठेवून घेतली. दुधाला गिऱ्हाईकंही तिनंच जोडली. टेबलफॅन म्हशीकडेच, कारण घरात कमावती तीच.
ललिताला दुपारी उकडतं, म्हणून माझ्या सायकलला दुसरा पंखा जोडला आहे. पेडल मारताना हात मोकळे राहतात, त्यामुळे लिहिता येतं. थांबलं की तिला जाग येते.
वीज शंभर टक्के हिरवी. प्रसेनजीतला आत्ताच जाऊन सांगायला हवं, पण उतरता येत नाही.